आठ वाजता काळजी

आमच्या वरच्या बाई घराबाहेर पडताना आपली काळजी किती वाजता करायला लागायचं, ते सांगून जात. माणसं जाताना दूधवाल्याला अर्धाच लिटर द्यायला सांगा म्हणतात, गॅस बंद केलाय का बघा म्हणतात. बाई शनिवारी पहाटे पाठीला पिशवी अडकवून जिना उतरत आणि आमच्या दाराच्या कडीत एक चिठ्ठी खोचून जात. कुठे चालले, कोणत्या वाटेनं, परत किती वाजता, कुणाला फोन करायचा, आणि अधोरेखित करून, 'काळजी: आठ वाजता.' आठच्या आत केलेली काळजी त्यांच्या लेखी फुकट होती.

बाई नॉर्वेच्या. आमच्या शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांच्या देशातून यंत्रं आली होती. ती नीट चालवायला इथल्या पोरांना शिकवायचं, म्हणून त्या वर्षभरासाठी आल्या होत्या. त्यांना नाव होतं आणि चांगलं होतं, पण आमच्या गल्लीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहत, म्हणून त्या वरच्या बाई. कंपनीनं बंगला दिला होता, स्वयंपाकी दिला होता, ते सगळं सोडून त्या आमच्याकडे भाड्यानं आल्या. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं रविवार फार लांब असतो." माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मला काकू म्हणत. आधी मला रागच आला. मग कळलं की त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर मिलिंद मला काकू म्हणतो, तेच माझं नाव असं त्यांनी धरलं होतं. नंतर खरं समजलं तरी त्यांनी ते बदललं नाही आणि मीही बदलू दिलं नाही.

मिलिंद करमाडचा. रोज सकाळी बाईंना शेंद्र्याला न्यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा, आणि जाता-येता त्यांना मराठी शिकवायचा. त्यामुळे परदेशी बाईच्या तोंडी पुस्तकातलं मराठी येईल म्हणून मी कान टवकारून बसले तर ऐकू आलं, "काकू, आज लई ऊन हाय." मी आयुष्यभर शाळेत पोरांची बोली नीट करत आले. बाईंच्या बाबतीत मात्र हात टेकले.

खोल्या बघायला आल्या त्या दिवशी त्यांनी पाण्याचं विचारलं नाही, गिझरचं विचारलं नाही. थेट गच्चीवर गेल्या आणि समोरच्या सातारा डोंगराकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं कसं जातात?" मी म्हटलं, "कशाला जायचं?" त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. पाण्याचं कळायला त्यांना पुढं आठवडा लागला, कारण आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदाच येतो. नळाच्या दिवशी बाई पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरून उभ्या. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवलं. हे म्हणाले, "ही बाई टिकते इथं." आमचे हे कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी कुणाबद्दल एवढं चांगलं बोलणं म्हणजे बढतीच.

शनिवार मात्र बाईंचा. पहाटे साडेपाचला निघायचं, एस.टी.नं कन्नडला नाहीतर वेरूळला, तिथून जीप मिळाली तर जीप, नाही तर पाय. आदल्या रात्री मी दोन भाकऱ्या, ठेचा आणि कांदा बांधून ठेवायची. संत्रं आणि चॉकलेट त्या स्वतःचं घेत. संध्याकाळी परत आल्या की आमच्या पायरीवर बसून बूट काढत आणि दिवस सांगत. गौताळ्याच्या जंगलात एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, "बाई, शेरडं हरवली का?" कारण काही हरवल्याशिवाय माणूस डोंगरात कशाला हिंडेल? बाई म्हणाल्या, "नाय, तुमचा डोंगर बघायला आले." त्यानं जरा विचार केला, आणि घरी नेऊन चहा पाजला. मी जन्म इथं काढला, पण बाईंनी एका वर्षात माझ्याहून जास्त जिल्हा पाहिला. हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आता चिठ्ठीचं. माझं माहेर भिक्षुकांचं. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. फार तर 'लांब का?' म्हणायचं. जाणाऱ्यानंही 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि ह्या बाई कुठे, कसं, किती वाजता, सगळं कागदावर लिहून दारात लटकावणार. एवढंच नाही तर काळजीसुद्धा आधीच लिहून ठेवणार. मला ते वाचायचीच भीती वाटायची. पहिल्या वेळी त्यांनी घड्याळ दाखवून नीट समजावलं होतं: आठ वाजता मी आले नाही तर चिठ्ठी उघडायची, वाचायची, फोन करायचा. मी मान डोलावली. आपण मान डोलावतोच. आणि त्या गेल्यावर चिठ्ठी न उघडता देवघरात सुपारीच्या गणपतीखाली ठेवली. म्हटलं, देवावर सोपवलेलं बरं. बाई सुखरूप परत आल्या, चिठ्ठी निर्माल्यात गेली. मग दर शनिवारी तेच. पाच-सहा महिने गणपतीनं काम चोख केलं, आणि बाईंना वाटत राहिलं की खाली एक माणूस घड्याळाकडे लक्ष ठेवून आहे.

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. त्या शनिवारी बाई आठला आल्या नाहीत. मी चारपासूनच काळजी करत होते, त्यात मी कुणाला हार जाणारी नाही. दिवा लावला, देवापुढे साखर ठेवली, येतील तेव्हा गरम असावं म्हणून पिठलं टाकलं. नऊ वाजता हे म्हणाले, "मिलिंदला फोन लावू का?" मी म्हटलं, "नको. बाईमाणूस रात्रीपर्यंत घरी नाही, चार लोकांत बोभाटा कशाला? येतील." आणि पुन्हा स्तोत्र म्हणायला बसले. चिठ्ठी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि मी जागची हललेही नाही.

सकाळी मिलिंदचा फोन आला. कन्नडच्या पुढं अंतूर किल्ल्यावर बाईंच्या पायाखालचा दगड सुटला होता, घोटा मोडला होता. फोनला रेंज नाही. उजाडल्यावर एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांची शिट्टी ऐकू आली. त्यानं माणसं गोळा करून खाली आणलं, आणि रेंजमध्ये आल्यावर बाईंनी मिलिंदला बोलावून घेतलं. मिलिंदनं त्याला विचारलं, बाई फार घाबरल्या होत्या का? तो म्हणाला, "घाबरल्या नव्हत्या. घडीघडी घड्याळ बघत व्हत्या." मिलिंदनं हे मला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा जाऊन मी देवघरातली चिठ्ठी उघडली. अंतूर किल्ला, दक्षिणेची वाट. परत सहा. काळजी आठ वाजता. मिलिंदचा नंबर, कन्नडच्या वनरक्षकाचा नंबर. आणि खाली लहान मुलासारख्या अक्षरात: 'काकू, ठेचा लई चांगला.'

दवाखान्यात बाई पाय वर बांधून पडल्या होत्या. रागावतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी फक्त विचारलं, "काकू, आठ वाजता काय झालं?" आणि मी, तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई, म्हणाले, "चिठ्ठी मिळालीच नाही हो. वाऱ्यानं उडाली असेल कडीतून."

बाईंनी छताकडे बघत थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "मग माझी चूक. हातात द्यायला पाहिजे होती." उशाची वही घेतली आणि तसं लिहूनसुद्धा ठेवलं. कारखान्यात यंत्र बंद पडलं की आधी कारण लिहायचं आणि मग उपाय, अशी त्यांची शिस्त होती. महिन्याभरानं मिलिंद सांगायला लागला, "काकू, मॅडमनी मीटिंगमधी समद्यांना सांगितलं, चूक माझीच व्हती म्हनं. एवढी मोठी बाई, पण बघा." मी त्याला चहा दिला आणि आत निघून गेले.

प्लास्टरमुळे जिना चढता येईना, म्हणून बाई सहा आठवडे आमच्या पुढच्या खोलीत राहिल्या. त्या सहा आठवड्यांत आमची खरी ओळख झाली. त्या लसूण सोलत, मटार सोलत, ह्यांच्याबरोबर बातम्या बघत, कुबड्या घेऊन अंगणात फेऱ्या मारत. एक फेरी चुकली तर संध्याकाळी भरून काढत. एकदा मटार सोलता सोलता मी विचारलं, तुमच्या देशात चिठ्ठी कुणाजवळ देता? म्हणाल्या, "भावाजवळ. तो होता तोवर. चिठ्ठी कुणालाही देत नाहीत, काकू. उठून जाईल असं माणूस लागतं." मग हसून म्हणाल्या, "इथं तुम्ही आहात." त्या वेळी सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि मटाराच्या शेंगा मोजल्यासारखं करत बसले. हे वर्तमानपत्राच्या वरून माझ्याकडे बघत होते. रात्री एवढंच म्हणाले, "किती दिवस?"

मला वाटायचं, पायाचं दुखणं गेलं की माझ्या मनातलंही जाईल. झालं उलटंच. जानेवारीत बाई पुन्हा हिंडायला लागल्या, आणि आता त्या चिठ्ठी माझ्या हातात द्यायच्या आणि मोठ्यानं वाचायला लावायच्या. "काळजी कधी?" "आठ वाजता." "मग काय करायचं?" "आधी मिलिंदला फोन, मग कन्नडला." पहिलीतल्या पोरीसारखी मी दारात उभी राहून म्हणायची. बाई समाधानानं मान हलवायच्या आणि निघायच्या. त्यांना वाटे, यंत्रातला बिघाड सापडला आणि दुरुस्त झाला. बिघाड दारात उभा राहून त्यांना टाटा करत होता.

मार्चमध्ये बाईंचं वर्ष संपत आलं. जायच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी गल्लीतल्या बायका त्यांना भेटायला आल्या, कुणी ब्लाउजपीस आणला, कुणी चिवडा. बोलता बोलता किल्ल्याचा विषय निघाला. समोरच्या देशमुखबाई मला चिमटा काढायला टपलेल्याच असतात. म्हणाल्या, "काय हो, घरात राहून तुम्हाला पत्ता नव्हता?" मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "काकूंची चूक नव्हती. वारा होता." अगदी ठामपणे, माझी बाजू घेऊन. ते ऐकून मला कुठं तोंड लपवू असं झालं.

बायका गेल्यावर मी कपाटातून, साड्यांच्या खालून किल्ल्याच्या दिवशीची ती चिठ्ठी काढली आणि बाईंसमोर ठेवली. म्हटलं, "उडाली नव्हती. मी त्या रात्री वाचलीच नव्हती. त्याआधीचीही एकही कधी वाचली नाही. देवापुढे ठेवत होते."

बाईंनी चिठ्ठी उलटून पाहिली, तिच्यावर कुंकवाचा डाग होता. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी तिथं बसून हिशेब करत होते. आठ वाजले, काकूंनी फोन केला. साडेआठ, मिलिंद करमाडहून निघाला. अकरा, कन्नड. एक वाजता वाटलं, आता खाली दिवे दिसतील. दिसले नाहीत तर म्हटलं, वाट चुकले असतील, परत हिशेब करू. रात्रभर मी तुमच्याबरोबरच होते." मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. पण तुम्ही ती माझ्या वहीत लिहू दिली." आणि वर निघून गेल्या. पाय अजून जरा ओढत होत्या. जिन्यावरचा तो आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

बुध, गुरू, शुक्र, तीन दिवस बाई चहाला खाली आल्या नाहीत. मी वर जायचं धाडस केलं नाही. हे म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस," पण त्यानं काही बरं वाटलं नाही. शनिवारी पहाटे जिन्यावर बूट वाजले. बाईंचा इथला हा शेवटचा शनिवार, बुधवारी त्यांचं विमान होतं. मी अंघोळ करून दारातच बसले होते. मनाशी म्हणत होते, चिठ्ठी आता बाई मिलिंदकडे देतील, कंपनीत देतील, आपल्याला कशाला देतात. त्या समोरून जायला लागल्या, आणि जन्मात जे कुणाला विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "कुठे निघालात?"

बाई थांबल्या. "गौताळा," म्हणाल्या. मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मोठ्यानं वाचायला लावली नाही. मी मात्र त्या वळणावरून दिसेनाशा व्हायच्या आत ती दोनदा वाचून काढली.

संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले. मी काळजी केली नाही, म्हणजे आठच्या आत करायची नाही असं ठरवलं होतं. घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले. पावणेआठला देशमुखबाई आल्या. म्हणाल्या, "अहो येतील. आज उन्हाचा ताप केवढा, बसल्या असतील कुठं. दहा मिनिटं थांबा, उगाच बोभाटा नको." शब्द माझेच होते. आठ वाजले तशी मी उठले आणि फोन लावला. मिलिंद म्हणाला, "व्हय काकू, निघालो." का, काय, कशाला, काही विचारलं नाही. मग कन्नडच्या वनरक्षकाला लावला. तो जेवायला बसला होता. मी त्याला बाई कोणत्या वाटेनं गेल्या ते वाचून दाखवलं, त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाला, ताट झाकून निघतो. तोवर आमच्या दारात निम्मी गल्ली जमली होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. जीप पंक्चर झाली होती आणि फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. दारात गर्दी, मध्ये मी कानाला फोन लावलेली, पायात एक चप्पल ह्यांची आणि एक माझी. बाई हळूहळू पुढं आल्या. विचारलं, "कधी केला फोन?"

"आठ वाजता."

"आता मिलिंद कुठं आहे?"

"चिकलठाण्यापर्यंत आलाय. वनरक्षक मोटारसायकलवर आहेत."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोघांना स्वतः सांगितलं, मी घरी आले, लई उपकार, दादा तुम्ही जेवून घ्या. फोन परत दिला आणि पायरीवर बसून बूट सोडायला लागल्या, पण नाडी काही सुटेना. घोटा मोडला तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं त्या बाई आमच्या पायरीवर सगळ्या गल्लीसमोर रडल्या. मी शेजारी बसले. देशमुखबाईंनी कधी नव्हे ते बाकीच्यांना घरी पिटाळलं.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "त्या रात्री किल्ल्यावर मी हेच बघत होते, काकू. अगदी असंच. तुम्ही फोन धरून उभ्या आणि मिलिंद रस्त्यावर."

"चार महिने उशीर झाला हो मला," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "लई उशीर झाला. पण निघालात."